हसऱ्या चेहऱ्याचं काम

"ताई, त्या टांझानियावाल्याच्या खोलीत तुमी नोका जाऊ," मीराबाई म्हणाली तेव्हा उज्वलाच्या हातात पपईच्या फोडींचा डबा होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. हसू ती रोज जिन्यातच चढवायची. पहिल्या मजल्यावर ते जरा ओढून आणल्यासारखं असे, तिसऱ्यावर पोचेपर्यंत नीट बसे. मीराबाई त्या मजल्यावर झाडू-पोछा करायची आणि वॉर्डातल्या बातम्या तिच्याकडे डॉक्टरांच्या आधी पोचायच्या. "काऊन?" उज्वलाने विचारलं. "मले काय माईत बाप्पा. सकाळपासून मोबाइल कानाले लावून बसला होता. मंग मले बोलावलं, तुमचं नाव घेतलं अन् हातानं असं केलं." मीराबाईने माशी हाकलावी तसा हात हलवून दाखवला. उज्वला डबा घेऊन तशीच उभी राहिली. तिला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही, अपमानही वाटला नाही. पहिल्यांदा एवढंच जाणवलं की हसू अजून चेहऱ्यावर आहे आणि ते उतरवायचं कसं हे तिला आठवत नाही. गाल दुखायला लागले होते. बाहेर मे महिन्याचं ऊन खिडकीच्या काचेवर थाप मारत होतं, आणि ती बंद दारासमोर, आत कुणी पाहतंय असं समजून, हसत उभी होती.

मग तिने मोबाइल काढला आणि कारण तिथेच सापडलं. त्या टांझानियावाल्याच्या भावाने, पास्टर एलियाने, तिलाही तेच पाठवलं होतं: त्यांच्या चर्चमधल्या प्रार्थनेचं ध्वनिमुद्रण. कानाला लावलं तर एकाच वेळी खूप माणसं बोलत होती, बायका हुंदके देत होत्या. स्वाहिलीतलं तिला काही कळत नव्हतं. कळले ते दोनच शब्द, जोसेफ आणि कॅन्सर. खाली एलियाने इंग्रजीत लिहिलं होतं की उद्या रविवारची प्रार्थना झाली की तो स्वतः शाळेत जाऊन नेमाला घेऊन येईल, बाप बोलू शकतो तोवर मुलीने त्याला पाहून घ्यावं. शेवटी उज्वलासाठी देवाचे आभार, जोडलेले हात आणि फूल. हेच सगळं त्याने भावालाही पाठवलं असणार. म्हणजे जोसेफ मसावे नावाच्या माणसाला, वर्ध्यातल्या एका दवाखान्यातल्या खोलीत बसून, आपल्याला काय झालंय हे हजारो मैलांवरच्या चर्चमधल्या रडण्यातून कळलं. आणि त्या चर्चला ते उज्वलाने सांगितलं होतं, गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अगदी आपुलकीने.

मसावे मोशी नावाच्या गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक. बायको नाही, एकच मुलगी, नेमा. ती वसतिगृहात राहून शेवटच्या वर्षाची बोर्डाची परीक्षा देत होती आणि तिचे पेपर अजून संपायचे होते. परीक्षेच्या दिवसांत पोरींचे फोन शाळा कपाटात बंद करून ठेवते, हे त्याने समाधानाने सांगितलं होतं. तो एकटा आला होता. दवाखान्यातही इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, पलंगावर फक्त झोपायला जायचा. पहिल्याच दिवशी त्याने उज्वलाला समोर बसवून, शाळेतल्या मुलीला समजवावं तसं सावकाश इंग्रजीत सांगितलं होतं, "सिस्टर, जे काही निघेल ते आधी मला. मग मी ठरवीन कुणाला सांगायचं." उज्वला म्हणाली होती, हो हो, अर्थातच. तिने खरंच तसं म्हटलं होतं; पण "अर्थातच" हा शब्द तिच्या तोंडात इतका सैल झालेला होता की त्यात वचन आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. असं सगळेच म्हणतात. आर्वीकडचे बाबाराव म्हणून एक म्हातारे होते, तेही छातीवर हात मारून म्हणाले होते, मले साफ सांगा, म्या कशाले भेत नाई. नव्या डॉक्टरने साफ सांगितलं. बाबारावांनी भिंतीकडे तोंड केलं आणि नंतर कुणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत. त्यांच्या सुनेने उज्वलाचा हात धरून विचारलं होतं, काऊन सांगतलं हो, ताई. त्यामुळे मोठे डॉक्टर मसावेची फाइल मिटून "नातेवाइकांना विश्वासात घ्या, पेशंटला एकदम नको" असं म्हणाले तेव्हा तिला ते बरोबरच वाटलं. नातेवाईक इथे नव्हता, म्हणून तिने भावाचा नंबर शोधला. कुणी सांगितलेलं नसताना, स्वतःच्या जेवणाच्या वेळात शोधला. यात तिचं काय चुकलं, असं कुणी विचारलं असतं तर तिने मोठ्याने सांगितलं असतं, काही चुकलं नाही. पण विचारणारं कुणी नव्हतं, आणि दार बंद होतं.

खाली जाताना स्वागतकक्षातून जावं लागतं आणि तिथे ती स्वतः उभी असते. माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट, मोरपंखी साडी, हात जोडलेले, आणि ते हसू. ती काम करते त्या परदेशी रुग्णांच्या कक्षाची जाहिरात म्हणून मागच्या वर्षी बनवला होता. तेव्हा आई मुद्दाम पाहायला आली होती आणि "साडीचा रंग चांगला उठला" एवढंच म्हणाली होती. नागपूर रस्त्यावरचा हा दवाखाना नवा, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यासमोर आपलं नाव व्हावं म्हणून सगळ्यांची धडपड. त्यात बाहेरच्या देशांतून येणारा प्रत्येक माणूस म्हणजे सोन्याचं अंडं. सुदानहून, ओमानहून, केनियाहून आलेल्या लोकांनी जाताना लिहून ठेवलेलं असायचं: सिस्टर उज्वला, देवमाणूस. एका बाईने तर मुलीचं नाव उज्वला ठेवणार म्हणून सांगितलं होतं. पुठ्ठ्यातल्या उज्वलाला ओलांडताना आज तिला वाटलं, हिलाच वर पाठवावं. ती काही चुकीचं बोलणार नाही.

सभागृहात प्रशिक्षण द्यायला अनुप सर आले होते. पुण्याहून, निळा कोट घालून, एवढ्या उकाड्यात. विषय होता व्यक्तिमत्त्वातले चांगले गुण आणि परदेशी रुग्णांबरोबरचं काम. प्रत्येकाने आपला सगळ्यात मोठा गुण चिठ्ठीवर लिहून छातीवर चिकटवायचा होता. लेखा विभागातल्या माणसाने "प्रामाणिक" लिहिलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. उज्वलाने "समजूतदार" लिहिलं, खोडलं, मग दुसरी चिठ्ठी घेऊन "हसतमुख" लिहिलं, कारण सगळे तेच अपेक्षून तिच्याकडे पाहत होते. मागच्या महिन्यात सगळ्यांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली होती. अनुप सरांनी तिचे निकाल पडद्यावर लावले. आपुलकी आणि जुळवून घेण्याची तयारी यांत उज्वलाचा पट्टा पडद्याच्या टोकापर्यंत गेला होता. ज्यांच्यात हे गुण जास्त त्यांचं अनोळखी संस्कृतीच्या माणसांबरोबरचं काम जास्त चांगलं, हे आता सिद्ध झालंय, असं सर म्हणाले आणि तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती उठली. हसली. तिच्या मनात आलं, विचारावं: सर, आपुलकीने एखाद्याचं वाटोळं झालं तर ते कुठल्या पट्ट्यात धरायचं? जुळवून घेताना समोरच्याला विचारायचं राहून गेलं तर? पण हसतमुख माणसाने असले प्रश्न विचारायचे नसतात. विचारले की लोक आधी दचकतात, मग काळजीने म्हणतात, आज बरं नाही वाटत का. छातीवर चिठ्ठी घेऊन ती पुन्हा बसली, आणि तिला स्वतःचा इतका राग आला की पाण्याची बाटली उघडताना टोपण तिच्या हातातून उडून पुढच्या रांगेत गेलं. पुढच्या रांगेतल्या मुलीने ते उचलून दिलं आणि उज्वलाने सवयीने तिलाही हसून थँक्यू म्हटलं.

हे हसू तिचं नव्हतंच मुळी. ते बाबांचं. मनोहरराव नाचणगावात पोस्टमन होते आणि सायकलीच्या दांडीवर बसून ती लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर फिरायची. प्रत्येक घरासमोर सायकल थांबण्याआधी बाबांचा चेहरा बदलायचा, ते तिला दांडीवरून मान वर करून पाहिलं की दिसायचं. काही घरं होती जिथे पत्र ओट्याच्या कडेवर ठेवायला सांगत, हातात घेत नसत. तिथे बाबा जरा जास्तच हसायचे. तिला तेव्हा वाटायचं ती माणसं बाबांना आवडतात. मोठी झाल्यावर, सगळं कळल्यावर, तिने एकदा भांडून विचारलं होतं की तुम्ही का हसत होता त्यांच्यासमोर, आणि बाबा म्हणाले होते, "त्यायच्यासाठी नाई हासत होतो. माहं काम होतं. दार उघडलं पायजे का नाई?" ते तिला तेव्हा पटलं नाही, आजही पूर्ण पटलेलं नाही. पण एक गोष्ट तिला आठवत होती आणि ती आज सकाळपासून डोक्यात सारखी येत होती, नको असताना. अशाच एका घरी रजिस्टर पत्र आलं होतं, म्हाताऱ्याच्या नावाचं. मुलगा ओट्यावर उभा राहून म्हणाला, इकडं दे. बाबा हसले आणि पत्र पिशवीत परत घातलं. बुवाचं नाव हाय, बुवाच्याच हातात देईन. मुलगा म्हणाला बुवा अंथरुणावर आहेत, दिसत नाही त्यांना. बाबा म्हणाले, मी वाचून दाखवतो. बराच वेळ ऊन खात उभे राहिले, हसत. शेवटी त्या घराच्या आतल्या खोलीपर्यंत बाबा गेले, चपला बाहेर काढून, आणि उज्वला ओट्याखाली सायकल धरून उभी राहिली. ज्याचं नाव, त्याचा हात, असं बाबा परत येताना म्हणाले होते आणि शीळ घातली होती. सभागृहात पंखे गरगरत होते, अनुप सर सहानुभूतीबद्दल बोलत होते, आणि उज्वलाला त्या शिळेची चीड येत होती. काय मोठं केलं होतं, एक पत्र तर दिलं होतं.

आणि त्याच बाबांना त्यांनी सांगितलं नव्हतं. काकांनी, तिने, सगळ्यांनी. नागपूरच्या डॉक्टरने बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावून घेतलं, कॅन्सर यकृतात वाढलाय, फार तर उन्हाळा निघेल, आणि काकांनी तिथेच ठरवलं, "दादाले नाई सांगाचं." ती मान हलवत राहिली. आई आत बाबांजवळ बसली होती. तिला नंतर सांगितलं, ती काही बोलली नाही. मग ते महिने. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज कसा दिसतो मी?" आणि ती चहाचा कप त्यांच्या हातात देत म्हणायची, "कालच्याहून बरे." बाबा मान डोलवायचे. "मलेई वाटलंच तसं." हाताच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळे, आणि हे दोघं एकमेकांकडे पाहून हसायचे. त्या महिन्यांत तिचं हसू पक्कं झालं. आधी ते आपोआप यायचं आणि आपोआप जायचं, सगळ्यांचं असतं तसं. त्या उन्हाळ्यात ते हुकमी झालं. बाबा गेले, दिवाळीच्या आधी ती इथे मुलाखतीला आली, आणि समोरच्या बाईंनी फाइल बाजूला सारून म्हटलं, तुमच्यात एक नैसर्गिक प्रसन्नता आहे. नैसर्गिक. तिने तेव्हाही मान झुकवून हसून ते मान्य केलं होतं. नोकरी लागली, सिंदी मेघेत दोन खोल्यांचं घर झालं, आई गावाहून आली. दर वर्षी करार नवा करताना त्याच प्रसन्नतेबद्दल चांगलं लिहिलं जातं.

जेवणानंतर मीराबाईने तिला जिन्यात गाठलं. "बोलावते तो. आता म्हणे पाठव." उज्वला चढायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की हसू पायरीपायरीने चढायला लागलंय, तिने ते दाबून धरायचा प्रयत्न केला तर ओठ वाकडेतिकडे व्हायला लागले, म्हणून सोडून दिलं.

मसावे खुर्चीतच होता, शर्टाचं वरचं बटन लावलेलं. त्याने तिला बस म्हटलं नाही. "शाळेत मुलगा नापास झाला की मी त्याला आधी सांगतो," तो म्हणाला. "त्याच्या बापाला नंतर. बाप ओरडतात म्हणून नाही. नापास तो झालेला असतो, म्हणून." उज्वला म्हणाली, आय ॲम सो सॉरी, मिस्टर मसावे, मला तुमच्यासाठी... आणि तिच्या आवाजात तो नेहमीचा मऊपणा आला. त्याने हात वर केला. "तुला वाटतं मी लपवण्याच्या विरुद्ध आहे? नेमाला मी सांगितलंय की खडे काढायला आलोय. तिचे पेपर संपेपर्यंत तिला तेच माहीत राहणार होतं. लपवायचं होतं तर मी लपवलं असतं, सिस्टर. ते माझं काम होतं. तू माझं काम केलंस, आणि वाईट केलंस." उज्वलाला वाटलं आता रडू येईल, पण आली ती चीड. कोण होतं तुमच्याजवळ? कुणी पाणी द्यायला नव्हतं, मी माझ्या घरून पपई आणते, माझ्या जेवणाच्या सुट्टीत... "तुम्ही एकटे होता," ती म्हणाली. तिला ते रागाने म्हणायचं होतं, बाहेर पडलं ते समजूत काढल्यासारखं. "होतो," तो म्हणाला. "अजून आहे." मग तो खिडकीबाहेर पाहत राहिला, जिथे पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपांवरून उन्हाची वाफ निघत होती. "एलिया माझं ऐकत नाही. मी फोन केला की रडतो आणि प्रार्थना सुरू करतो. उद्या तो शाळेत जाईल. ती पेपर सोडून निघेल, मी ओळखतो तिला. आणि मग तिच्या हातात काहीच राहणार नाही, ना बाप ना परीक्षा. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे. त्याला सांग. कसं ते तू ठरव. तुला जमतं ते."

तिने व्हिडिओ कॉल लावला, कारण एलियाला चेहरा पाहून बोलायला आवडे. तो कुठल्या तरी अंगणात उभा होता, मागे केळीची झाडं, कोट घातलेला. उज्वलाचा चेहरा उजळला. तो तिने उजळवला नव्हता. फोनचा डोळा समोर आला की तो उजळतोच. "पास्टर, गुड न्यूज," ती म्हणाली. डॉक्टर पुन्हा एकदा तपासण्या करणार आहेत, काळजीचं इतक्यात काही नाही, जोसेफ आज खूप छान जेवले, नेमाला शाळेतून आणायची अजिबात घाई नको. वाक्यं सराईतपणे एकामागून एक निघत होती, आणि बोलता बोलता तिला बरंही वाटायला लागलं, आपल्याला येतं ते काम करताना वाटतं तसं. एलिया ऐकत होता. त्याने तिला बोलणं संपवू दिलं. मग म्हणाला, "सिस्टर, गुरुवारी तू मला सांगितलंस की माझा भाऊ वाचणार नाही. तेव्हा तुझा चेहरा हाच होता." उज्वला हसत राहिली. "फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हटलं, ती बाई हसत होती, मी चुकीचं ऐकलं का? आम्ही दोघांनी खूप विचार केला. शेवटी आम्ही म्हटलं, नाही, तिकडे वाईट बातमी अशीच देत असतील." त्याने चेहरा फोनच्या जवळ आणला. "आता तू पुन्हा तशीच हसतेस. मला खरं सांग. जोसेफ गेला का? मी आत्ताच निघतो शाळेत. उद्यापर्यंत थांबत नाही."

खोलीत एसीचा आवाज होता. मसावेने खुर्चीचे हात धरले होते. उज्वलाने चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला, आणि फोनच्या कोपऱ्यात स्वतःचं छोटंसं चित्र तिला दिसलं: गाल वर, दात दिसतायत, आणि डोळ्यांत भीती. अशी आपण दिसतो. सुदानच्या, ओमानच्या, सगळ्या लोकांना अशी दिसलो, बाबारावांच्या सुनेला, आणि... पुढे तिने जाऊ दिलं नाही. तिने फोन जरा खाली घेतला, डाव्या हाताने तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाम पुसावा तसं. परत वर धरला. "पास्टर, ऐका," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला स्वतःला ओळखू आला नाही. गावाकडच्या नळावर भांडणारा होता तो. "कॅन्सर आहे. पसरलाय. तो बरा होणार नाही. आत्ता जिवंत आहे, माझ्यासमोर बसलाय. तुम्हाला सांगायचा मला काही हक्क नव्हता, मी सांगितलं. नेमा त्याची मुलगी आहे, तुमची नाही, माझी नाही. पेपर संपल्यावर तो तिला सांगेल. तुम्ही शाळेत जाणार नाही." इतक्या वर्षांत इंग्रजीचं एक वाक्य ती प्लीजशिवाय बोलली नव्हती. तिने फोन फिरवून मसावेसमोर धरला. मसावे भावाकडे पाहून स्वाहिलीत थोडंसं बोलला, आवाज न चढवता. एलियाने डोळे पुसले, मान खाली घातली, आणि तीन-चारदा एकच शब्द म्हणाला. फोन बंद झाला. "नाही जाणार तो," मसावे म्हणाला.

ती उभी राहिली. तिला काहीतरी हवं होतं. काय ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण एवढ्यानंतर माणूस माणसाला काहीतरी देतो असं तिला वाटत होतं. मसावेने डोळे मिटले होते. डोळे न उघडताच तो म्हणाला, "उद्यापासून दुसरं कुणी पाठव. तुझ्यावर राग नाही. मला आता थोडेच दिवस आहेत, आणि तुझ्या चेहऱ्यावरून मला काही कळत नाही." पपईचा डबा टेबलावर ठेवावा की परत न्यावा हे तिला ठरवता येईना. मग तिने तो ठेवला आणि झाकण काढून ठेवलं, त्याला उघडायला जड जाईल म्हणून.

सिंदी मेघेत घरी पोचली तेव्हा कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसता गरम वारा फेकत होता. आई, पंचफुला, दाराशी बसून परातीत गवारीच्या शेंगा मोडत होती. "आज तोंड काऊन उतरलं?" आईने मान वर न करता विचारलं. रोज ती दारातच हसायची. आज हसली नव्हती हे आईला चपलांच्या आवाजावरूनच कळलं असावं. उज्वलाने कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं. ते आत पडताना छान आवाज झाला. मग ती आईसमोर जमिनीवर बसली. छातीवर चिठ्ठी अजून चिकटलेली होती. ऑटोत सगळ्यांनी वाचली असणार. तिने ती काढून मुठीत चुरगाळली. तिला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं, दवाखान्याबद्दल, त्या माणसाच्या कृतघ्नपणाबद्दल, सोमवारी मोठ्या साहेबांना काय सांगायचं त्याबद्दल. तोंडातून निघालं ते वेगळंच. "आई, बाबाले माईत होतं?"

आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग मोडली, शीर काढली, दुसरी घेतली. "हाव," ती म्हणाली.

"कवापासून?"

"नागपूरले गेलतो त्याच दिवशी. तुमी सारे बाहेर डॉक्टरसंग बोलत होते. म्या त्यायच्याजवळ बसली होती. त्यायनं मले इचारलं, बाहेर काय बोलून राह्यले एवढं. म्या आधीच ऐकलं होतं नर्सकडून. सांगून देल्लं." आईने परात जरा हलवली. "त्यायचंच होतं ना ते."

उज्वलाला वाटलं आपण ओरडू. ओरडायला काही हरकत नव्हती, शेजारीपाजारी सगळ्यांचे कूलर चालू होते. "मंग मले काऊन नाई सांगतलं? मी रोज त्यायच्यासमोर... रोज, आई. मूर्खासारखी."

"त्यायनंच मना केलं." आता आईने तिच्याकडे पाहिलं. "म्हणे, पोरगी एवढी मेहनतीनं हासून राह्यली, तिले नोको सांगू. तिची मेहनत वाया जाईन."

कूलरचा पंखा आता ओल्या वाळ्याचा वास घेऊन फिरत होता. कालच्याहून बरे. मलेई वाटलंच तसं. तो कप, त्या काड्यांसारख्या हातातला, थरथरायचा आणि बाबा तो दुसऱ्या हाताने धरायचे, आणि हसायचे, दार उघडावं म्हणून. उज्वलाला एक विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं. "अन् मी नसली का?" तिने विचारलं. "तवा हासत?"

आईने थोडा वेळ विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा नसावा. नीट आठवायचा असावा.

"नाई," ती म्हणाली. "तू खोलीतून गेली का भिंतीकडं तोंड करून निजत. लय वेळ. थकून जात बिचारे." आणि परात दोघींच्या मध्ये सरकवून म्हणाली, "घे, थोड्या तू मोडजो. अंधार पडाच्या आत भाजी टाकतो."

उज्वलाने चिठ्ठीचा बोळा बाजूला ठेवला आणि एक शेंग उचलली.